तासोनी तफीदा आणि चोवीस फोन

तफीदाने एकतीस वर्षांच्या नोकरीत एकच फोन जोडायला नकार दिला होता. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, इजिप्तमधल्या आमच्या गावापासून तीन मैलांवर. फोन कुवेतहून आला होता. पलीकडचा माणूस म्हणाला, "नज्लत वहबा गावातल्या अमक्या बाईला फोनवर बोलवा. तिचा मुलगा बांधकामाच्या परांचीवरून पडून गेला." गावात तेव्हा एकच फोन होता, गावप्रमुखाच्या ओसरीवर. तफीदा म्हणाली, "लाइन खराब आहे, साहेब. दोन तासांनी करा." मग कानावरचं यंत्र शेजारणीकडे दिलं आणि तीन मैल चालत आली. त्या आईच्या घरी गेली, तिच्या शेजारी चटईवर बसली आणि तिला सांगितलं. दोन तासांनी गावप्रमुखाकडे फोन वाजला तेव्हा आईचा हात तफीदाच्या हातात होता.

वरिष्ठांनी तिला लेखी जाब विचारला. तिने लेखी उत्तर दिलं, "लाइन खराब होती." दुसरं वाक्य नाही.

ती आई म्हणजे माझी आजी. पडला तो माझा चुलता. तफीदाला मी तेव्हापासून ओळखतो असं म्हणायला हरकत नाही, जरी त्या वेळी मी जेमतेम चालायला लागलो होतो.

तफीदा उंच, सरळ पाठीची, आवाजाने मोठी. लग्न जमता जमता दोनदा मोडलं. एकाला तिने नोकरी सोडावी असं हवं होतं, दुसऱ्यापेक्षा ती चार बोटं उंच निघाली. "त्याला स्टूल घेऊन द्यायला मी तयार होते," ती म्हणायची. "पण त्याची आई म्हणाली, स्टूल चर्चमध्ये नेता येणार नाही." एक्स्चेंजमध्ये यंत्रं आपोआप जोडणारी आली, माणसं कमी झाली, तफीदा घरी बसली. घरी बसली म्हणजे चर्चमध्ये आली. संत अबू सेफेनच्या नावाच्या आमच्या चर्चमध्ये घरोघरी भेटीला जाण्याचं जे काम चालतं, त्यातल्या बायकांची बाजू तिने सांभाळली. सेवा करणाऱ्या बाईला आम्ही तासोनी म्हणतो. ती सगळ्या गावाची तासोनी तफीदा झाली.

चर्चचे धर्मगुरू अबूना, म्हणजे फादर, बिन्यामीन. चौतीस वर्षं त्यांनी चारशेवीस घरं डोक्यात वागवली. कुणाची आई आजारी, कुणाचा मुलगा लिबियात, कोणते दोन भाऊ एका पाण्याच्या पंपावरून सात वर्षं बोलत नाहीत, हे सगळं त्यांच्या डोक्यात. कागदावर एक ओळ नाही. कुणी म्हणालं, "अबूना, लिहून ठेवा की," तर ते हसून कपाळावर बोट ठेवायचे. "इथे उंदीर पोहोचत नाहीत."

ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासाच्या तिसऱ्या आठवड्यात उपासनेच्या मधोमध त्यांचा उजवा हात लुळा पडला. नदीपलीकडे मिन्याच्या रुग्णालयात नेईपर्यंत जीभही गेली. ते वाचले, डाव्या हाताने जेवू लागले, माणसं ओळखू लागले. पण बोलायला तोंड उघडलं की शब्द येत नसे. एक "आ" यायचा आणि मग डोळे भरून यायचे.

चारशेवीस घरं त्या डोक्यात होती आणि दार बंद झालं होतं.

बिशपांनी नवे धर्मगुरू पाठवले, अबूना वीसा. वय छत्तीस, कैरोचे, आधी कुठल्याशा कंपनीत संगणकाचं काम केलेले. अंगाने बारीक, दाढी विरळ, लग्न झालेले; आमचे धर्मगुरू संसारी असतात. पहिल्या रविवारी म्हाताऱ्या बायका आपसात म्हणाल्या, "हा तर अजून वाढतोय." पण माणूस कामाचा होता आणि मनाने चांगला होता, हे मी सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात दोष त्यांच्यापेक्षा माझा जास्त आहे.

अबूना वीसांनी दोन महिन्यांत चर्चची यादी फोनवर तयार केली. भेटीला जाणारे आम्ही चोवीस जण. प्रत्येकाच्या फोनवर ती यादी उघडायची. घराचं नाव, माणसं किती, कोण भेटून आलं, कधी, आणि शेवटी एक मोठा रकाना: परिस्थिती. कुणी काही लिहिलं की ते सगळ्यांना दिसायचं.

यादी दाखवायला त्यांनी आम्हाला चर्चच्या मागच्या खोलीत बोलावलं. मी शाळेत अरबी शिकवतो, मला ती फार आवडली. खाडाखोड नाही, रेघा सरळ. तफीदालाही आवडली, हे मी मुद्दाम सांगतो. यंत्राला घाबरणाऱ्यांतली ती नव्हती. तिने चष्मा कपाळावर चढवला, फोन डोळ्यांजवळ घेतला, बोटाने यादी वरखाली केली.

"छान केलंय, अबूना. आता एक सांगा. हे कोण कोण बघतं?"

"फक्त सेवक, तासोनी. आपण चोवीस जण."

"म्हणजे चोवीस घरं."

"नाही, चोवीस माणसं."

"अबूना, तुमचा फोन रात्री कुठे असतो?"

"उशाशी."

"आणि उशीच्या दुसऱ्या बाजूला कोण असतं?"

सगळे हसले. अबूना वीसाही हसले, कानापर्यंत लाल झाले. तफीदा मात्र हसली नाही. "एक्स्चेंजमध्ये आम्ही सहा जणी होतो," ती म्हणाली. "सहा जणींमध्येही आमचा नियम होता. तारेवर ऐकलेलं शेजारणीलाही सांगायचं नाही. तो शेवटचा रकाना काढून टाका."

"पण तासोनी, परिस्थितीच माहीत नसेल तर भेटीला जाणारा काय बोलणार? अबूना बिन्यामीनना सगळं माहीत होतं म्हणूनच तर..."

"त्यांना माहीत होतं. ते आम्हाला सांगत नव्हते."

खोलीतल्या बाकीच्यांना हे म्हातारीचं कुरकुरणं वाटलं. मलाही वाटलं. मी म्हणालो, "तासोनी, काळ बदललाय." ती माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "फहीम, तू व्याकरण शिकव." रकाना राहिला.

माझ्या वाटणीच्या घरांत इस्तेरचं घर होतं. तिचा नवरा नसीम खाणीत दगड कापण्याच्या यंत्रावर. दोन मुली. मी एकदा भेटीला गेलो तेव्हा तिने चहा आणला आणि कप ठेवताना बाही मागे सरकली. मनगटाच्या वर काळंनिळं होतं. तिने बाही ओढली. नसीम चूल पेटवायला काटक्या आणायला गेला, तेव्हा तिने खालच्या आवाजात दोन वाक्यं सांगितली. मी म्हणालो, "प्रार्थना करतो." दुसरं मला काही सुचलं नाही.

घरी येऊन मी त्या रकान्यात लिहिलं: नसीम हात उगारतो. इस्तेर दोनदा माहेरी जाऊन आली. नवरा घरात असताना हा विषय काढू नये.

हेतू चांगला होता. पुढच्या वेळी दुसरं कुणी गेलं तर त्याने जपून बोलावं, म्हणून लिहिलं. वाक्यं शुद्ध होती.

आठ दिवसांनी कुणाच्या तरी बायकोने त्या पानाचं छायाचित्र बहिणीला पाठवलं. बहिणीने जावेला. दुसऱ्या दिवशी दुपारी इस्तेरचे दोन भाऊ खाणीवर गेले आणि नसीमला यंत्रावरून खाली ओढलं. तिसऱ्या दिवशी नसीमची आई चर्चच्या अंगणात उभी राहून ओरडली की, माझ्या घरची भांडी चर्चने रस्त्यावर वाजवली. त्याच संध्याकाळी नसीमने इस्तेरचे कपडे एका चादरीत बांधून दाराबाहेर ठेवले. ती दोन मुलींना घेऊन बापाच्या घरी गेली. जाताना गल्लीतल्या बायका दारात उभ्या होत्या. कुणी तिच्या हातातलं गाठोडंसुद्धा धरलं नाही.

अबूना वीसांनी आम्हाला बोलावलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "यादी बंद," ते म्हणाले. "सगळंच बंद. मी चुकलो. मी बिशपांना लिहितो की मला इथून हलवा."

मी उठलो आणि म्हणालो, "ते मी लिहिलं होतं." माझं नाव यादीत दिसतच होतं.

तफीदा म्हणाली, "झालं तुमचं दोघांचं? एक म्हणतो मी जातो, दुसरा म्हणतो मी वाईट. बाई तिकडे बापाच्या अंगणात बसली आहे. उठा दोघं. चला."

"तिला काय सांगायचं?" अबूना वीसांनी विचारलं.

"काही नाही सांगायचं. ऐकायचं."

इस्तेरच्या बापाने दार उघडलं, पण या म्हणाला नाही. आम्ही उंबऱ्याबाहेर उभे राहिलो. आत इस्तेर पीठ मळत होती, उन्हात फुगवायच्या भाकऱ्यांचं. तिने हात थांबवले नाहीत.

अबूना वीसा म्हणाले, "मुली, मी क्षमा मागायला आलोय."

"कशाची, अबूना?"

"तुझी गोष्ट बाहेर गेली."

"माझी गोष्ट!" तिने पिठाचा गोळा परातीत आपटला. "मारणारा तो. लाज माझी. हे तर आधीपासूनच होतं, त्यात तुम्ही नवीन काही केलं नाही. मला एक सांगा. ते किती जणांच्या फोनवर होतं?"

"चोवीस."

"चोवीस जणांनी वाचलं. आठ दिवस वाचलं. वाचून कोण आलं?"

अबूना वीसांनी माझ्याकडे बघितलं.

"फहीम मास्तर आले होते, चहा प्यायला," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "त्यांनी छान लिहिलं. पण लिहून पुन्हा आले का? एकाने तरी नसीमला हाक मारून विचारलं का, की बाबा, हे काय चाललंय? अबूना बिन्यामीनना बोलता येत होतं तेव्हा ते दर महिन्याला यायचे. नसीमला घेऊन नदीकाठी जायचे. काय बोलायचे देव जाणे, पण पुढचे पंधरा दिवस त्याचा हात खाली असायचा."

हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. अबूना बिन्यामीननी ते स्वतःजवळच ठेवलं होतं. तफीदाने डोळे मिटले. मग उंबरा ओलांडून आत गेली, बाह्या वर केल्या, परातीच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि पीठ मळू लागली. दोघींचे हात एकाच परातीत चालले. शेवटी इस्तेर म्हणाली, "तासोनी, तुमचं पीठ घट्ट होतंय." तफीदा म्हणाली, "मग पाणी घाल की." आम्ही दोघं बाहेर उन्हात उभे होतो. बसा असं कुणी म्हटलं नाही आणि आम्हीही बसलो नाही.

दुसऱ्या दिवसापासून तफीदा बाकीच्या सगळ्या सेवकांच्या घरी फिरली. मला बरोबर घेतलं. प्रत्येक सेवकाच्या दारात एकच बोलणं. "फोन आण. ते पान पुस. छायाचित्र असेल तर तेही. ज्याला पाठवलंस त्याच्या घरी आता आपण जाऊ." आणि पुसून झालं की विचारायची, "वाचलं होतंस ना? मग गेली का नाहीस?" काही रडल्या. एक गृहस्थ चिडून म्हणाले, "ते अबूनांचं काम." तफीदा म्हणाली, "बरोबर. आणि वाचायचं काम तुमचं?" चार दिवस लागले. गावात निघून गेलेलं परत येत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. मी विचारलं, "तासोनी, याचा उपयोग काय?" ती म्हणाली, "इस्तेरला सांगता येईल की आम्ही फिरलो."

अबूना वीसा नसीमकडे एकटे गेले. पहिल्यांदा त्याने दार लावून घेतलं. चौथ्यांदा उघडलं. पण इस्तेर परत त्या घरी गेली नाही. बिशपांच्या कुटुंब-मंडळासमोर दोघांना बोलावलं, आणि तिने वेगळं राहावं असं ठरलं. मिन्यात एका चर्चच्या वसतिगृहात तिला खोली मिळाली, शाळेचे गणवेश शिवायचं काम मिळालं. आमच्या चर्चमध्ये ती पाऊल ठेवेना. सणाला बापाकडे आली तरी उपासनेला नदी ओलांडून पलीकडे जायची.

अबूना वीसांनी बिशपांना ते पत्र लिहिलं नाही. तफीदाने लिहू दिलं नाही. त्याऐवजी त्यांनी पाच जणांचं मंडळ केलं: ते स्वतः, तफीदा, गावातली औषधाच्या दुकानातली बाई, खाणीतला एक मुकादम आणि मी. मी नको म्हणालो. तफीदा म्हणाली, "तूच हवास. तुला आता लिहायची भीती वाटते." मोठा निर्णय पाच जणांशिवाय घ्यायचा नाही, अगदी अबूनांनीही नाही, हे अबूना वीसांनीच सुचवलं. "अबूना बिन्यामीन एका डोक्यात सगळं ठेवू शकले," ते म्हणाले. "माझं डोकं तेवढं नाही. आणि ते डोकं बंद पडलं तेव्हा काय झालं ते आपण बघितलं."

यादी परत सुरू झाली. त्यात आता घराचं नाव, कोण भेटलं, कधी भेटलं, पुढे कधी जायचं, एवढंच. शेवटचा रकाना गेला. बाकीचं सगळं दर गुरुवारी पाच जणांच्या बैठकीत, चहाच्या ट्रेभोवती, तोंडाने, आणि ज्याला कळायला हवं त्यालाच. "भेटलो" असं कधी लिहायचं यावर मात्र जोरात वाद झाला. एका सेविकेने फोनवर निरोप पाठवला, समोरच्या बाईने वाचल्याची खूण आली, म्हणून हिने लिहिलं, भेटले. तफीदाने ते खोडायला लावलं.

"तासोनी, तिने उत्तरात फूलसुद्धा पाठवलं!"

"फुलाला वास होता का?"

"नाही."

"मग खोड. चहा पिऊन आलीस की लिही."

अबूना बिन्यामीनना तफीदा विसरली नव्हती. दर मंगळवारी त्यांच्या घरी जायची, यादी उघडून एकेक घराचं नाव मोठ्याने वाचायची. ते डाव्या हाताने खूण करायचे. चादरीवर एक टकटक म्हणजे ठीक, दोन म्हणजे लक्ष ठेव. असं करत तिने अर्धं गाव त्यांच्याकडून परत मिळवलं. पंपावरून भांडलेल्या भावांचं घर आलं की ते बोट उचलून धाकट्याकडे दाखवायचे. आधी धाकट्याकडे जा, असा अर्थ आम्ही लावला, आणि तो बरोबर निघाला.

अशाच एका मंगळवारी त्यांची मुलगी एवलिन स्वयंपाकघरात भांडी घासता घासता संध्याकाळच्या धूप-प्रार्थनेतलं, चर्चच्या जुन्या कॉप्टिक भाषेतलं स्तोत्र गुणगुणत होती. एक ओळ ती चुकली. आतल्या खोलीतून अबूना बिन्यामीननी ती ओळ बरोबर गाऊन दाखवली. शब्दांसकट.

एवलिन साबणाच्या हातांनी धावत आली. तफीदा खुर्चीवरून उठून उभी राहिली होती. "अबूना, पुन्हा," ती म्हणाली. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, तर "आ". एवलिनने स्तोत्र पुन्हा धरलं, आणि ते तिच्यामागून पूर्ण गायले, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत. डॉक्टर नंतर म्हणाले की असं होतं, बोलणं जातं आणि गाणं राहतं. तफीदाला कारणाशी देणंघेणं नव्हतं. ती सरळ अबूना वीसांकडे गेली.

"आपल्या घरांत अंथरुणाला खिळलेल्या बायका किती?"

"पंधरा."

"त्यांना बुधवारी पाच वाजता फोनवर जोडायचं. अबूना बिन्यामीन गातील."

अबूना वीसांचे डोळे चमकले. "तासोनी, मी चित्रासकट करून देतो! कॅमेरा लावू, प्रत्येकीच्या फोनवर..."

"कुठल्या फोनवर? त्या पंधरा जणींकडे बटणांचे फोन आहेत. चार जणींना दिसत नाही. साधा फोन जोडा."

साध्या फोनवर एका वेळी पाचच जणी जोडता येतात, असं अबूना वीसांनी सांगितलं. तफीदाने हिशेब केला, तीन फोन लागतील. तिचा, माझा आणि एवलिनचा. बुधवारी आम्ही ते तीन फोन अबूना बिन्यामीनच्या पलंगाजवळ एका उशीवर ओळीने ठेवले. तफीदाने एकेकीला फोन लावला, जोडला, पुढचीला लावला. बोटं अशी चालत होती की मला पहिल्यांदा कळलं, ही बाई तरुणपणी कशी दिसत असेल.

पंधरा म्हाताऱ्या जोडल्या गेल्या आणि बाजार भरला.

"कोण गं? तू आहेस का, उम्म लबीब? तू मेलीस असं मला कुणी सांगितलं?"

"तूच मर! माझं गुडघ्याचं औषध संपलंय एवढंच."

"माझ्या दारापुढे तुझी शेळी..."

"बायांनो!" तफीदा गरजली. "सगळ्या गप्प. लाइनवर अबूना आहेत."

एकदम शांत झालं. एवलिनने सूर दिला. अबूना बिन्यामीन गाऊ लागले. आवाज आधीसारखा भरीव राहिला नव्हता, मधे चिरत होता, पण त्यांचाच होता. चौतीस वर्षं त्या बायकांनी ज्या आवाजावर लग्नं लावली, पोरं बाप्तिस्म्याला नेली, नवरे पुरले, तो. उत्तराची ओळ आली तेव्हा तिन्ही फोनमधून पंधरा थरथरते आवाज निघाले, कुणी पुढे, कुणी मागे. अबूना बिन्यामीननी डावा हात उचलून हवेत क्रूस केला. फोनवर तो दिसणार नाही, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. उम्म लबीब नंतर म्हणाली, "मला कळलं त्यांनी हात उचलला. आवाज जरा वर गेला."

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

बुधवारचा फोन गावात गाजला. सहा-सात महिने सुरळीत चालला. मग गुरुवारच्या बैठकीत औषधाच्या दुकानातली बाई म्हणाली, "मला एक दिसतंय. त्या पंधरा घरांतल्या भेटी निम्म्यावर आल्यात." यादी उघडली. खरंच. सेवक म्हणत होते, बुधवारी त्यांचं होतंच की. उम्म लबीबकडे पाच आठवडे कुणी गेलं नव्हतं, आणि तिच्या टाचेला जखम झाली होती. फोनवर ती रोजच्यासारखीच हसली होती.

तफीदा म्हणाली, "महिनाभर फोन बंद."

अबूना वीसा चपापले. "तासोनी, हे क्रूर आहे. त्या वाट बघतात. अबूना बिन्यामीनही वाट बघतात."

"म्हणूनच. फोन बंद झाला की पाय चालू होतील."

या वेळी मात्र बाकीच्या चौघांनी तिचं ऐकलं नाही. तासभर वाद झाला. शेवटी मुकादम म्हणाला, "ज्या घरी त्या आठवड्यात कुणी गेलं असेल, ते घर बुधवारी जोडायचं. न गेलेल्या घरी सेवकानेच आपला फोन घेऊन पाच वाजता जाऊन बसायचं आणि तिथून जोडून द्यायचं." तफीदा म्हणाली, "हे माझ्यापेक्षा बरं आहे." तिच्या तोंडून असं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. त्या बुधवारी सात सेवक सात घरांत खाटेच्या कडेला बसले होते. उम्म लबीबच्या टाचेला मलम मी लावलं.

अबूना बिन्यामीन पुढे दीड वर्ष गायले. गेले ते मंगळवारी सकाळी, झोपेत. पंधरापैकी तेरा जणी तेव्हा हयात होत्या. अबूना वीसांनी सांगितलं, ही बातमी फोनवर जाणार नाही. आम्ही पाच जण आणि आणखी आठ सेवक, एकेकीच्या घरी गेलो, अंत्यविधीची घंटा वाजायच्या आत. मी उम्म लबीबकडे गेलो. तिने माझा चेहरा पाहिला आणि स्वतःच सरकून खाटेवर मला जागा केली.

त्यांचं अंत्यकर्म अबूना वीसांनी केलं. गर्दीत मागे, बायकांच्या बाजूला, खांबाला टेकून इस्तेर उभी होती. आमच्या चर्चमध्ये ती तीन वर्षांनी आली होती. ती अबूना बिन्यामीनसाठी आली होती, आमच्यासाठी नाही. संपल्यावर तफीदा तिच्याजवळ गेली, दोघी काहीतरी बोलल्या. तफीदाने मला नंतर सांगितलं, "शुक्रवारी माझ्याकडे जेवायला येते आहे. तू फिरकू नकोस."

शुक्रवारी मी चर्चच्या फाटकापाशी शाळेच्या वह्या तपासत बसलो. तफीदाचं घर तिथून समोरच. इस्तेर आली, मुली बरोबर होत्या, थोरली आता आईच्या खांद्याला लागली होती. तिने मला पाहिलं आणि पुढे गेली. दुपार झाली. आतून मुलोखियाच्या पालेभाजीचा वास आला, भांड्यांचा आवाज आला, एकदा हसण्याचाही. एकोणीस वह्या झाल्या. विसावी मी तीनदा वाचली.

मग तफीदा दारात आली. कमरेवर हात ठेवून तिने रस्त्यापलीकडून हाक मारली, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

"फहीम! ये आत. चहा झालाय."

"तुम्हीच म्हणालात ना, फिरकू नकोस."

"मी म्हणाले होते," तफीदा म्हणाली. "बोलावतेय ती."